भिंतीपलीकडच्या दोघी

एखाद्या घरात माणूस राहतं की नाही हे तपासायला मी त्या घरात आधी कधीच जात नसे. आधी शेजारी. घरातले लोक तयारीत असतात, शेजारी बेसावध असतो. शिवाय आपल्याकडे स्वतःच्या घरात काय चाललंय याचा पत्ता नसला तरी भिंतीपलीकडे काय चाललंय ते प्रत्येकाला ठाऊक असतं. या एवढ्या शहाणपणावर मी आधी दौंड तालुक्यात तलाठी म्हणून आणि पुढे शिरूर तालुक्यात मंडल अधिकारी म्हणून अख्खी नोकरी काढली.

तलाठ्याला आमच्याकडे 'भाऊसाहेब' म्हणतात. तलाठी म्हणून बाई आली म्हणून गाव आपली रीत बदलेल होय? एक आप्पा तर मला चारचौघांत विचारायचे, "भाऊसाहेब, तुमचं मालक काय करत्यात?" सुरुवातीला राग यायचा. नंतर मीही "शिक्षक आहेत, आप्पा" असं सरळ सांगून मोकळी व्हायची.

लोकांना वाटतं तलाठी म्हणजे सातबारा. पण बारावीचा निकाल लागला की आमच्या मानेवर दुसरंच भूत बसायचं, ते म्हणजे अधिवासाचा दाखला. राज्याच्या कोट्यातली जागा आणि त्या जागेची सवलतीची फी हवी असेल, तर मूल याच राज्याचं रहिवासी आहे हे सिद्ध करावं लागतं. दाखला तहसीलदार देतात. पण कागद अपुरे पडले की 'स्थानिक चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा मारून अर्ज खाली येतो, आणि खाली म्हणजे माझ्याकडे. बघायच्या गोष्टी दोन. ठरलेली वर्षं हे मूल इथं सलग राहिलं का, आणि इथंच कायम राहण्याचा त्याचा इरादा आहे का. पहिल्या प्रश्नाला कागद असतात, पंच असतात. दुसऱ्याला काहीच नसतं, कारण इरादा कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. मी आपली अर्जदाराला समोर उभं करून विचारायची, "इथंच कायम राहणार का?" सगळेच हो म्हणतात. हो म्हणताना कोण कुठं बघतं, तेवढं मी बघायची.

खुटबावचं एक घर सांगते, म्हणजे हे काम कसलं असतं ते कळेल. घरमालकाचा पुतण्या लहानपणीच आईबापांबरोबर आखातात गेला होता. तिथं बापाची नोकरी व्हिशावर. व्हिसा संपला की नवा, तो संपला की आणखी नवा. कितीही वर्षं काढली तरी तुम्ही आमचे असं तिथं कुणी म्हणणार नाही. आणि मुलगा इथं सलग राहिलेला नाही म्हणून इथलंही कुणी म्हणायला तयार नाही. अशी त्या पोराची दोन्हीकडून पंचाईत. कॉलेजची वेळ आली तशी चुलत्यानं अर्ज ठोकून दिला की मुलगा आमच्याकडेच राहतो. मी गेले तर गॅसवर चहाचं आधण, उंबऱ्यात चपला, दोरीवर ओले कपडे. मुलगा मात्र नाही. चुलता म्हणे, "आत्ताच रानात गेला बगा." दुसऱ्यांदा न सांगता गेले, तरी तसंच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा माझं दोरीकडे नीट लक्ष गेलं. शर्ट दहा वर्षांच्या पोराच्या मापाचे होते.

मला वाटलं, चुलत्यानं मला बनवायला जुने कपडे पाण्यात बुचकळून टांगलेत. शेजारणीला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "न्हाई वो भाऊसाहेब. चुलती रोजच धुती. पोरगं गेल्यापासनं रोज."

त्या चुलतीला मूलबाळ नव्हतं. मी अहवाल 'राहत नाही' असाच दिला, आणि तो खराच होता. पण त्यानंतर त्या घरावरून जायचं झालं की मी दोरीकडे बघत नसे.

आता रांजणगावचं. निवृत्तीच्या थोडंच आधीचं हे प्रकरण, आणि ज्या मुलीचं आहे तिला विचारूनच लिहिते आहे. नावं मात्र बदलली आहेत.

रांजणगावला कंपन्या आल्या तशा आसपासच्या शेतकऱ्यांनी रानात खोल्यांच्या रांगा बांधल्या. वर पत्रा, मध्ये एका विटेची भिंत, एका खोलीत एक कुटुंब नाहीतर पाचसहा पोरं. राहणारे परभणीपासून बिहारपर्यंत कुठलेही. शिफ्टचा प्रकार असा की कंपनीच्या बसमधून एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहतात, पण एकमेकांची तोंडं ओळखत नाहीत. ओळखतात ते आवाज. मिक्सर कुणाचा, खोकला कुणाचा, कुणाचं पोर रडतंय, हे झोपेतसुद्धा सांगतील.

अर्ज होता प्रियांकाचा. घरी पिंकी. मूळ गाव बिहारात, आई सुनैना एका ठेकेदाराकडून कंपनीत कामाला. बाप फार पूर्वी गावी गेला तो परतलाच नाही. मुलीचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत. मग मधली काही वर्षं काहीच नाही. मग शिरूरच्या शाळेत वयाप्रमाणे एकदम आठवीत बसवलेली, आणि तिथून बारावी, चांगल्या मार्कांनी. नर्सिंगच्या सरकारी कॉलेजात राज्याच्या कोट्यातून तिची जागा लागत होती. बाहेरची ठरली तर जागा गेली. बाहेरच्यांच्या फीनं शिकवायची आईची ऐपत नव्हती, म्हणजे पुढच्या महिन्यात पोर आईच्या मागं त्याच बसमध्ये चढणार हे ठरलेलं. दाखला जमा करायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मधली वर्षं ही मुलगी इथंच होती का, एवढाच काय तो प्रश्न.

आणि मला संशय होता, खोटं कशाला सांगू? अशी वर्षं रिकामी दिसली की मूल गावी ठेवलेलं असतं. नाव एकीचं आणि समोर उभी केलेली पोर दुसरीच, असेही नमुने मी पाहिले होते.

आधी खोलीमालकाला गाठलं. भिकाआबा, सत्तरीच्या घरातले, दुकानाच्या पायरीवर बसलेले. म्हणाले, "न्हाई वळखत मी. भाडेकरू येत्यात, जात्यात. कुणाकुणाला ध्यानात ठिवायचं?"

खोलीमालक असंच म्हणतात. सरकारी कागदावर भाडेकरूचं नाव चढलं की आपल्या खोलीला कूळ लागेल, ही त्यांची पक्की समजूत. असं काही होत नाही हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. त्यामुळे मी आबांच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही आणि खोल्यांकडे निघाले.

ऐन दुपार होती. पहिली शिफ्ट सुटायची होती. रांगेत चिटपाखरू नाही, नुसते तापलेले पत्रे कडकड वाजत होते. पिंकीच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. वळणार तेवढ्यात आतून बोलणं ऐकू आलं.

मी कडी वाजवली. बोलणं बंद झालं. "आत कुणी आहे का? तहसील कचेरीतून आलेय." दाराला कान लावला तर श्वाससुद्धा ऐकू येईना. थांबलं म्हणजे असं थांबलं की मलाच वाटलं, आपल्याला भास झाला.

माझ्या रीतीप्रमाणे शेजारचं दार वाजवलं. गायकवाड मामा. कंपनीत कायम असलेले फिटर, शिरूर भागातलेच. खोल्या बांधल्या तेव्हापासून इथं राहणारा रांगेतला हा एकच माणूस. रात्रपाळी करून झोपले होते, डोळे चोळत उठले. मला आत घेतलं, पाणी दिलं.

"मामा, शेजारच्या मुलीला ओळखता का?"

"कंच्या? थोरल्या का धाकट्या?"

अर्जात मुलगी एकच होती. मी पेला खाली ठेवला.

"दोघी आहेत?"

"व्हय की. थोरली आता दिसती येता-जाता. धाकटीला न्हाई बगितली कवा. तवा मला कायम रातपाळी, ह्यांच्या दाराला कुलूप. कोण कुणाला बगतंय? आई लावून जाती. बरोबरच हाय तिचं, हितं काय पोरी मोकळ्या सोडायच्यात व्हय? पर ऐकतो की रोज. धाकटी इच्यारती आन् थोरली सांगती. लई वर्सं झाली."

"कधी मध्ये गावी गेल्या होत्या?"

"एक दीस न्हाई. आवाज बंद झाला की मला झोप लागत न्हाई मॅडम, म्हून सांगतो. मदी कवातरी आठ-धा दीस गप व्हत्या, तेवडंच. मग पुन्यांदा सुरू."

माझं काम खरं म्हणजे झालं होतं. सलग राहिल्याचा इतका चोख पंच मिळायला नशीब लागतं. पण ही दुसरी मुलगी कोण, आणि समोर येणारी नक्की कोणती, हे कळल्याशिवाय मी सही करणार नव्हते. मामांनी तोंडावर बोट ठेवलं आणि भिंतीकडे मान केली. पलीकडे पुन्हा सुरू झालं होतं.

"हृदयाला कप्पे किती?" कोवळा आवाज.

"चार." मोठा आवाज.

"फुप्फुसातलं रक्त कुठल्या कप्प्यात येतं?"

"उजव्या."

"चुकलीस ताई! डाव्या!" आणि खुदकन हसणं.

भर दुपारी, घामानं ब्लाऊज भिजलेला असताना, माझ्या हातावर काटा आला. दोन पोरी अभ्यास करताहेत यात भिण्यासारखं काय होतं? क्षणभरानं ध्यानात आलं. मामा म्हणाले होते, लई वर्सं झाली. त्या वर्षांत थोरलीचा आवाज बाईमाणसाचा झाला होता. धाकटीचा अजून सात-आठ वर्षांच्या पोरीचाच होता. मामा रोज ऐकत होते म्हणून त्यांना ते कधी खटकलं नसावं. मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शिफ्ट सुटली, बस आली. सुनैना उतरली, मला पाहून घाबरली. मी म्हटलं, कुलूप काढा. दार उघडलं तर आत पलंगावर पुस्तक घेऊन एकच मुलगी बसलेली. मी मोरीत बघितलं. पलंगाखाली वाकून बघितलं. दहा बाय दहाच्या खोलीत लपणार कुठं? तरी मी चोर शोधावा तसं बघितलं.

"धाकटी कुठाय?"

सुनैना उंबऱ्यातच बसली. पिंकी उठली. घाबरली नव्हती ती. उलट कुणीतरी हे विचारायची वाट बघत असावी, असं तिचं तोंड होतं.

"मॅडम, ती मीच बोलते," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघतच, ओठ जेमतेम हलवत, त्या दुसऱ्या आवाजात म्हणाली, "चुकलीस ताई."

समोर अठरा वर्षांची मुलगी आणि आवाज तिच्या कमरेएवढ्या पोरीचा. माझ्या मागे दारात उभे असलेले मामा एक पाऊल मागे सरले.

पिंकीनं सांगितलं ते असं. पिंकीच्या मागची गुड्डी. याच खोलीत जन्मली, सुईणीच्या हातानं. कुठं नोंद नाही. पिंकी चौथीत असताना रांगेतल्या कुणीतरी तिची वाट अडवली. आईनं शाळा बंद केली आणि दोघींना आत ठेवून कुलूप लावायला सुरुवात केली. दिवसभर दोघी शाळा-शाळा खेळायच्या. धाकटी बाई, थोरली विद्यार्थी. गुड्डीला वाचायला येत नव्हतं, पण प्रश्न पाठ व्हायचे, आणि उत्तर चुकलं की तिला हटकून कळायचं. मग एका उन्हाळ्यात ताप आला आणि दोन दिवसांत गुड्डी गेली. आई पुन्हा कामावर जायला लागली. कुलूप पुन्हा लागलं, पुढं आठवीपासून ते फक्त शाळेपुरतं निघायचं. आत पिंकी एकटी.

"तिनं विचारल्याशिवाय मला उत्तर येत नाही, मॅडम. खूप बघितलं करून."

"मग परीक्षेत?"

"मनात विचारते ती." मग म्हणाली, "माझा आवाज मोठा झाला. तिचा तेवढाच राहिला."

मी आपला पंचनाम्याचा कागद काढला. सवयीचं काम हातात असलं की माणसाला धीर येतो. लिहिलं, सदर खोलीत अर्जदार मुलगी आईसह सलग राहत आहे. आणि मामांपुढे सहीला धरलं.

मामा हटून बसले. "एक न्हाई, दोन. माज्या कानावर इस्वास न्हाई व्हय? पंधरा मिंटापूर्वी तुमीबी ऐकल्या. दोन म्हंजी दोन. खोट्यावर मी सही करनार न्हाई."

"अहो मामा, तिनं आत्ता तुमच्यासमोर..."

"ही पोर करती आसंल नक्कल. मी रोज ऐकतो त्यो आवाज येगळा हाय."

तो माणूस खोटं बोलत नव्हता, आडमुठेपणाही करत नव्हता. इतकी वर्षं एका विटेपलीकडे एक लेकरू खेळत होतं, आणि मी त्याला सांगत होते की ते नव्हतंच. त्यांच्या सहीशिवाय ती मधली वर्षं रिकामीच राहणार होती. आणि दोन मुली लिहाव्यात तर वरून शेरा येणार, दुसरी कोण, हजर करा. तोवर मुदत संपणार. पिंकी सगळं ऐकत भिंतीला टेकून उभी होती.

तेव्हा सुनैना उठली. "चला," ती म्हणाली. "दाखवते."

रांगेच्या मागं पडीक रान होतं, त्यापलीकडे कंपनीची भिंत. भिंतीआडून यंत्रांची एकसुरी घरघर येत होती. बाभळीखाली चार दगड मांडलेले होते, चुन्यानं पांढरे केलेले. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. चुना ताजा होता.

"हा चुना तुम्ही लावता?" मी विचारलं.

"नाही. आबा लावतात. खड्डा भी त्यांनीच खणला."

आणि बघते तर मागून भिकाआबा येत होते. आम्हाला रानाकडे वळताना त्यांनी दुकानावरून पाहिलं असणार. धापा टाकत आले आणि कुणी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले.

"वळखतो मॅडम. लिवा. दोगींनाबी वळखतो. माज्याच गाडीवर न्हेत व्हतो पोरीला दवाखान्यात. वाटंतच गेली. पोलीस येतील, तुज्या खोलीत काय झालं म्हून इच्यारतील, म्हून कुटं बोललो न्हाई. ह्या मायलेकी कवा कुटं गेल्या न्हाईत. कशा जातील?"

गायकवाड मामांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मी तर कालबी ऐकली," ते हळू म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

दाखला मुदतीत निघाला, पिंकीला जागा मिळाली, गुड्डीच्या जन्ममृत्यूची नोंदही पुढं रीतसर करून घेतली. ते आत्ताच सांगून टाकते, कारण मला त्या बाभळीखालचं राहिलेलं सांगायचंय.

पहिला प्रश्न सुटला होता. दुसरा उरला होता, इराद्याचा. तो अर्जदाराला समक्ष विचारावा लागतो. नेहमी मी तो सहज, कागदावरून मान वर न करता विचारत असे. त्या दिवशी मला तो नीट विचारावासा वाटला.

"पिंकी, इथंच कायम राहणार का?"

तिचे ओठ उघडले, पण शब्द नाही. "बोल ना," आई म्हणाली. "हां बोल." पोर नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला सांगायचं होतं, पण येत नव्हतं. आणि मग मला कळलं की प्रश्न चुकीच्या माणसानं विचारला आहे.

मी कागद खाली घेतला आणि थांबले. तिनं मान खाली घातली, दगडांकडे.

"ताई, तू इथंच राहशील ना?" तो कोवळा आवाज आला. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते, आणि तिचे ओठ हलले की नाही हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

"राहीन," पिंकी म्हणाली.

मी 'होय' लिहिलं. गायकवाड मामा पुढं झाले, माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्या दगडांकडे पाठ न करता उभ्या उभ्या सही केली.